पहिलं अंगडं

१४ जुलै २०२५
के. आर. पुरम, बेंगळुरू

महानंदाक्का,

फाडू नकोस. दोन ओळी वाच, मग काय करायचं ते कर.

माझा नंबर तू ब्लॉक केलायस, रिंगच जात नाही. तुमच्या निपाणीची नीरजा इथे शिवाजीनगरला आमच्या दुकानात साडीला फॉल लावायला येते, तिच्या तोंडी निरोप दिला असता, पण निपाणीला पोचेपर्यंत ती त्यात चार गोष्टी आपल्या घालेल. म्हणून पत्र. माझं मराठी तुला माहीतच आहे. सातवीपर्यंत कन्नड शाळा आणि बाबांनी पाटीवर शिकवलं तेवढंच. चुका काढ हवं तर.

विराट चार महिन्यांचा झाला. बरा आहे तसा. फक्त जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचतात ना, बीसीजीचं, ते त्याचं अजून सुकत नाही. बाकीच्या पोरांना फोड येतो, खपली धरते, पडते. ह्याचं वाहतच असतं. तोंडात पांढरं आलंय, पुसलं की परत येतं. खोकला पण आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी मलम दिलं, म्हणाले होतं असं एखाद्याला.

मला तुला एकच विचारायचंय. तुझ्या यशूचं दंडाचं सुकलं होतं का?

आई गेली तेव्हा तू त्याला घेऊन आली होतीस. त्याच्या बाहीत सारखी एक चिंधी घालत होतीस, काढत होतीस, दुसरी घालत होतीस. मला आठवतंय कारण तेव्हा मी मनात म्हटलं होतं, ही पोराला नीट पुसत पण नाही. मी तेवढंच बघितलं.

सोबत एक कार्ड घातलंय, माझा पत्ता लिहूनच. हो का नाही, एक शब्द टाक.

नीरजा सांगत होती तुला सातवा लागलाय. मला आनंद झाला असं लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही. तरी लिहिते.

बारशाला मी जे बोलले त्याचं आज काही लिहीत नाही. तू आणलेली यशूची कुंची विचारशील तर ती मी दुसऱ्याच दिवशी टाकून दिली. खोटं कशाला सांगू.

कावेरी


२४ जुलै २०२५
हॉस्पिटलमधून

अक्का,

पोचपावती आली. तुझी सही बघितली, महानंदा असं पूर्ण, शाळेत वहीवर करायचीस तशीच. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं. कार्ड नाही आलं.

विराटला ॲडमिट केलंय. शनिवारी दूध पिता पिता त्याचे ओठ निळे पडले. हे त्याला तसंच कपड्यात गुंडाळून ऑटोत बसले, मी मागून चप्पल न घालता. आता काचेच्या खोलीत आहे. एका वेळी एकच माणूस आत. कोपरापर्यंत हात धुवायचे, तोंडाला बांधायचं, वरून हिरवा झगा. माझंच पोर आणि मी त्याला नुसत्या हातानं धरू शकत नाही. अनुषा म्हणून एक नर्स आहे, ती बरी आहे. मी काचेला डोकं लावून उभी असते तर म्हणते, "अळबेडी अक्का, तो बघतोय ना तुम्हाला." रडू नको म्हणायचं तिच्या भाषेत. तिनं अक्का म्हटलं की मला तूच आठवतेस.

मोठ्या डॉक्टर बाई आहेत, प्रतिमा नावाच्या. मराठीच आहेत, पुण्याकडच्या. त्यांनी त्याचा घसा बघितला, छातीचा फोटो बघितला, रक्त दोनदा काढलं. मग मला आणि सासूबाईंना बसवलं. विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी मुलगा तान्हेपणी गेलाय का? भाऊ, मामा, बहिणीचा मुलगा?"

मी नाही म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाला असलं काही नाही हो डॉक्टर. चांगलं घर बघूनच मुलगी केली."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. नाही असंच लिहिलं असेल.

तू म्हणशील, सासूबाईंना यशूचं ठाऊक आहे, मग त्या कशा गप्प बसल्या. अक्का, त्या यशूचं जाणं आजारात धरतच नाहीत. मीच त्यांना सांगितलं होतं, आमच्या अक्कानं पोराला जत्रेत वाऱ्यात फिरवलं म्हणून छातीत कफ झाला. तुझ्या सासरचे म्हणत होते तेच मी इकडे म्हटलं. आणि तुझ्या आधी आईला झालेले, तान्हेपणीच गेलेले दोघं भाऊ तर ह्या घरात कुणालाच माहीत नाहीत. माझं लग्न ठरवताना बाबा म्हणाले होते, आम्हाला दोघी मुलीच.

डॉक्टर बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पदराचा धागा ओढत बसले.

कार्ड पाठव.

कावेरी


४ ऑगस्ट २०२५
हॉस्पिटल

अक्का,

हे पत्र तरी पूर्ण वाच. बस कुठेतरी आणि वाच. हे तुझ्या पोटातल्या बाळासाठी आहे.

मी सांगून टाकलं. गुरुवारी सासूबाई घरी गेल्या होत्या, डॉक्टर बाई एकट्याच आल्या. म्हणाल्या, "कावेरी, विराटच्या रक्तात ज्या पेशी हव्यात त्या जवळजवळ नाहीतच. हे आईकडून मुलाला येतं. मला परत विचारू दे, खरंच कुणी गेलं नाही?"

मी म्हणाले, "गेलेत. तिघं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिघं?"

आईचे दोघं, एक पाच महिन्यांचा, एक सात. त्यांची नावं पण आपल्याला माहीत नाहीत ना ग अक्का. आणि यशू. सगळं सांगितलं. मला वाटलं आता ह्या ओरडतील. नाही ओरडल्या. स्टूल ओढून बसल्या आणि सगळं समजावलं. मला जसं कळलं तसं लिहिते, तू पण समजून घे.

अंगात बाहेरचा जंतू शिरला की पहिल्यांदा काही पेशी धावत जातात. त्यांना कोण आला, कुठून आला काही माहीत नसतं, दिसला की खायचा. ताप येतो, लाल होतं, पू होतो, ते सगळं त्यांचंच काम. पण तेवढ्यानं भागत नाही. त्यातल्या काही जणी त्या जंतूचा एक तुकडा घेऊन गळ्यातल्या, काखेतल्या गाठींमध्ये जातात. मी म्हटलं, तुकडा कशाला? त्या म्हणाल्या, जुळवायला. तिथे लाखो पेशी असतात, प्रत्येकीला वेगळा तुकडा जुळतो.

मला एकदम कळलं. अक्का, मी रोज तेच करते. गिऱ्हाइकाच्या साडीची चिंधी घेऊन मॅचिंग सेंटरला जाते, तो माणूस थान काढून काढून शेजारी धरतो, हा नाही, हा नाही, हा. जुळलं की झालं. मी तसं बोलले तर डॉक्टर बाई हसल्या, म्हणाल्या, "अगदी तसंच. फक्त जुळलं की इथे त्या एकीच्या हजारो होतात आणि जाऊन तोच जंतू शोधून मारतात. आठवडा लागतो. आणि नंतर काही जणी तो तुकडा लक्षात ठेवून जन्मभर बसतात. परत आला तर लगेच ओळखतात. लस म्हणजे ती चिंधी आधीच दाखवून ठेवणं."

मी विचारलं, मग विराटचं काय?

त्या म्हणाल्या, "त्याची धावणारी माणसं आहेत. चिंधी घेऊन दुकानापर्यंत पोचतात. दुकानातली कपाटं रिकामी आहेत."

दंडावर टोचतात त्यात जिवंत जंतू असतो ग, अगदी दुबळा केलेला. बाकीच्या पोरांना तो ओळख देऊन जातो. आपल्या पोरांना तोच खातो. म्हणून सुकत नाही.

आणि हे ऐक, हे मी त्यांना दोनदा विचारलं. बाळ पोटात असताना आई आपलं थोडं देते त्याला, आपल्याला होऊन गेलेल्या आजारांपासून वाचायचं. ती शिदोरी तीन चार महिने पुरते, मग बाळानं आपलं करायचं. यशू चौथ्या महिन्यापर्यंत कसा गुबगुबीत होता, दंड सोडला तर काही नव्हतं, आठवतं? मग एकदम उतरला. सगळे म्हणाले जत्रेपासून. अक्का, जत्रेचं काही नव्हतं. तोपर्यंत तो तुझ्या दिलेल्यावर जगत होता. तुझं संपलं म्हणून तो गेला. तू काही कमी केलं नव्हतंस.

हे तुझ्या सासूला वाचून दाखव. नाहीतर मी येऊन सांगते.

हे आईकडून आपल्या दोघींत आलंय. आपल्याला काही होत नाही, आपण नुसत्या पुढे देतो. मुलगा झाला तर दोनातल्या एकाला. डॉक्टर म्हणाल्या तुझी तपासणी अजून व्हायची, पण यशूचं ऐकून त्यांना खात्रीच वाटते.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. कुंची मी टाकली नाही. टाकायला घेतली आणि तिला आईच्या इरकल लुगड्याचा काठ दिसला, हात झाला नाही. तू ती बांधून आणलेलं गाठोडं तसंच शिलाई मशीनच्या वरच्या माळ्यावर ठेवून दिलं. त्यात कागद होते ते पण मला माहीत होतं. उघडले नाहीत.

डॉक्टर बाईंनी विचारलं, यशूचे काही रिपोर्ट असतील का? मी घरी जाऊन गाठोडं काढलं. तुझी निपाणीची सगळी फाईल, वर प्लॅस्टिकची पिशवी, दोऱ्यानं बांधलेली. डॉक्टर बाईंनी एक पान काढलं आणि बोट ठेवलं. त्याच पेशींचा आकडा. हजारोंनी हवा तिथे दोनशे. कुणीतरी त्याला पेनानं गोल केलाय, आणि पुढे काहीच नाही. गोल करून ते पान फाईलला लावून टाकलं.

बारशाच्या दिवशी तू दारातच म्हणाली होतीस, "कावेरी, एक काम होतं तुझ्याकडे, स्वल्प बाजूला ये." मी आले नाही. तू ही फाईल इथल्या कुणाला तरी दाखवायला आणली होतीस, होय ना? आणि कुंची, कारण आपल्यात बाळाला पहिलं अंगडं नवं घालत नाहीत, घरातल्या आधीच्या पोराचं घालतात, आणि आईनं ती आपल्या हातानं शिवलेली. मी पंधरा बायकांसमोर म्हणाले, "मेलेल्या पोराचं कापड माझ्या बाळाच्या अंगाला लावू नकोस." पाळण्याची दोरी तुझ्या हातातून काढून घेतली. तू घास पण न खाता गेलीस.

विराट तेव्हा बारा दिवसांचा होता. डॉक्टर बाईंना मी विचारलं, तेव्हा कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात कळलं तर खूप पोरं वाचतात." मग त्यांनी फाईल बंद केली.

आता तुझं. सोबत त्यांनी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी आहे आणि यशूच्या त्या पानाची झेरॉक्स. मिरजेला मोठ्या हॉस्पिटलात जा, निपाणीत नको. चिठ्ठी दाखव. मुलगा झाला तर जन्मल्याबरोबर नाळेचं रक्त तपासायचं. रिपोर्ट येईपर्यंत दंडावर टोचू द्यायचं नाही, तोंडात थेंब पण द्यायचे नाहीत. नर्स टोचायला आली तर हात धर. कुणी काही म्हणो. मुलगी असली तर भीती नाही.

माझ्यावर राग ठेव. हे मात्र कर.

कावेरी


१२ ऑगस्ट २०२५
हॉस्पिटल

अक्का,

दुसऱ्याच्या हाडातला मगज घेऊन बाळाला देतात, त्यातून नव्या पेशी तयार होतात. रिकाम्या कपाटात माल भरल्यासारखं. सख्खा भाऊ किंवा बहीण असली तर उत्तम, ते नाही. माझा अर्धा जुळतो. अर्धा चालतो म्हणाल्या. मी म्हटलं आजच घ्या, आत्ता घ्या. त्या म्हणाल्या आधी छातीतलं शांत व्हायला हवं, नाहीतर नवीन पेशी पोचायच्या आधीच तो... म्हणजे थांबायला हवं.

म्हणून थांबलोय.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं, आपले भाऊ, यशू, आकडा, सगळं. ह्यांच्यासमोर. तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. हे म्हणाले, "कावेरी, मला तरी सांगायचंस." एवढंच. मला वाटलं होतं घराबाहेर काढतील. चौथ्या दिवशी सासूबाई हॉस्पिटलात आल्या, हातात विराटचे कपडे, उकळून, दोन्ही बाजूंनी इस्त्री मारून, पिशवीत बांधलेले. इथे असेच लागतात. मला म्हणाल्या, "तुझी अक्का आली होती तेव्हा मी तिला साधं पाणी विचारलं नाही ग." आणि बाकावर बसून राहिल्या.

आज विराट माझ्याकडे बघून हसला. तोंडाला बांधलेलं असतं माझ्या, तरी ओळखतो. डोळ्यांवरून ओळखत असेल.

कार्ड नाही आलं.

कावेरी


२ सप्टेंबर २०२५
के. आर. पुरम

अक्का,

नीरजाकडून तुला कळलंच असेल. तरी माझ्या हातानं लिहिते.

१९ तारखेला, मंगळवारी, दुपारी.

सकाळी त्याचा ताप उतरला होता. वीस दिवस अंग तव्यासारखं, आणि त्या दिवशी हात लावला तर गार. मी खूष झाले. बाहेर येऊन ह्यांना सांगितलं, ताप गेला, आता मगज घेतील. सासूबाईंनी हात जोडले. अनुषाला मी म्हटलं, "बघ ग, उतरला." तिनं माझ्याकडे बघितलं नाही, सलाईनच्या नळीशी काहीतरी करत राहिली. डॉक्टर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कावेरी, ताप म्हणजे शरीर लढत असतं." पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती, धावणाऱ्यांचं मला त्यांनीच शिकवलं होतं. सकाळपासून दोन तास मी खूष होते अक्का. ते दोन तास मला आता सहन होत नाहीत.

शेवटी त्यांनी मला झगा काढायला सांगितला, तोंडाचं पण. म्हणाल्या घे मांडीवर. मी त्याला नुसत्या हातानं धरला. त्याचा वास घेतला. महिन्यानं.

घरी आणल्यावर सासूबाईंनी माळ्यावरून गाठोडं काढलं. मला विचारलं नाही. कुंची उकळली, इस्त्री केली, काठ सरळ केला. मग माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आजीची आहे. घाल." मी घातली. त्याला बरोबर बसली. तशीच घालून त्याला मातीत ठेवला. म्हणून ती आता तुला परत पाठवता येत नाही. तुझी होती, विचारायला हवं होतं. विचारायची सोय मीच ठेवली नव्हती.

तुझं कार्ड काल आलं. गौरीचा दिवस, आमच्याकडे ह्या वर्षी काही नाही. पोस्टमन दारात टाकून गेला. जुलैत पाठवलेलं तेच कार्ड, माझ्याच अक्षरातला पत्ता. मागे तू लिहिलंयस, "हो. सुकलं नव्हतं. मला वाटायचं माझेच हात घाण."

मी ते परत परत वाचलं. तीन वर्षं तू हे मनात धरून होतीस, आणि मी पण तुझ्याबद्दल तेच मनात म्हटलं होतं. माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. ते एवढ्याशा जागेत मावत नाही. तुझे हात घाण नव्हते. एवढंच आज लिहिते.

नीरजा म्हणाली तू मिरजेला जाऊन आलीस, त्यांनी चिठ्ठी फाईलला लावून घेतली, टोचायचं नाही असं लाल अक्षरात वर लिहिलं. तुझ्या सासूनं काहीतरी म्हटलं तर तू तिला म्हणालीस, "माझ्या बहिणीनं सांगितलंय." नीरजा चार गोष्टी आपल्या घालते, हे मला माहीत आहे. हे तिनं घातलेलं नसू दे.

ह्याच महिन्यात तुझं बाळ येईल. रक्ताचा रिपोर्ट चांगला येऊ दे. नाही आला तरी तू पहिल्याच दिवशी जागी असशील, आणि मुलाला जुळायला माझा मगज लागला तर मी लगेच येईन. जुळेल की नाही ठाऊक नाही, पण तपासायला हात पुढे आहे.

बाळाला पहिलं अंगडं जुनं लागेल. शेजारीपाजारी जगत्या पोराचं मिळालं तर तेच घे, मी काही म्हणणार नाही. मला म्हणायचा हक्क नाही. माझ्याकडे विराटचं एक निळं आहे, मीच शिवलेलं, पुढे नाडीचं. दंडाला लागू नये म्हणून डावी बाही सैल ठेवली होती. उकळून, इस्त्री करून ठेवलंय.

पाठवत नाही. मागितलंस तर पाठवीन.

सोबत परत एक कार्ड घातलंय. पत्ता लिहिलेला आहे.

तुझी कावेरी